मुंबईत भयप्रेमींचं संमेलन भरवायचंय : हॉल, वर्गणी आणि भुतं

कातरवेळ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे रोमात आहे, म्हणजे नुसती वाचत, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही दादर-माहीमकडची काही टाळकी गेली चार वर्षं दर दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो. एक भयकथा मोठ्याने वाचायची, एखादा जुना भयपट बघायचा आणि मग चहा-खारी खात 'तू खरंच घाबरलीस की नाटक केलंस' यावर भांडायचं. सुरुवातीला सहा जण होतो, आता तीस झालोत. मागच्या वेळी दहा-बारा जण दाराबाहेर जिन्यात बसले होते. सगळे गप्प, मान खाली घालून आतलं वाचन ऐकतायत. खालच्या मजल्यावरच्या काकू घाईघाईने वर आल्या आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

तेव्हाच ठरवलं, आता हॉल हवा. आणि हॉल घ्यायचाच तर नीट संमेलनच भरवू. दोनेकशे माणसं, दोन दिवस. परदेशातलं थोडं वाचलंय. अमेरिकेत 1991 साली नॅशव्हिलला जागतिक भय संमेलन सुरू झालं. तिथल्या भयलेखकांची संघटना 2016 पासून स्टोकरकॉन भरवते, एका वर्षी तर ते क्वीन मेरी नावाच्या जुन्या जहाजावर झालं. आम्हाला जहाज नको. स्टेशनपासून चालत जाता येईल असा हॉल पुरे.

प्रश्न असे की तिकीट लावावं की वर्गणी घ्यावी? पाहुण्यांना मानधन द्यायचं का? दोन दिवस झेपतील का? आणि मुळात या भानगडीत पडावं का? अनुभवी लोकांनी लिहा.

बोलकी_कवटी
काकूंना स्वागताध्यक्ष करा.

गिरगावकर
पडू नका. पण पडणारच असाल तर तिकीट लावू नका, वर्गणी घ्या. फरक सांगतो. तिकीट काढून आलेला माणूस गिऱ्हाईक असतो. पंखा कमी जोरात फिरला की पैसे परत मागतो. वर्गणी देणारा पंख्याखालची खुर्ची स्वतः सरकवतो. आमच्या वाडीच्या मंडळात वीस वर्षं काढलीत, हे एवढंच शिकलोय.

न्यूजर्सीकर
गिरगावकर नेमकं बोललेत, आणि गंमत म्हणजे अमेरिकेतही हीच फूट आहे. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

इथे दोन जातीची संमेलनं असतात. एक चाहत्यांनी चाहत्यांसाठी चालवलेलं. ही परंपरा विज्ञानकथावाल्यांकडून आली. त्यांचं पहिलं जागतिक संमेलन न्यूयॉर्कला 1939 मध्ये झालं. त्यात प्रेक्षक नावाचा प्रकार नाही, सगळे सभासद. मंचावर बोलणारा आणि दारात बॅज वाटणारा, दोघंही पैसे भरून सभासद झालेले. पैसे उरले तर नंतर काम करणाऱ्यांना त्यांची फी परत मिळते, नाही उरले तर राम कृष्ण हरी. लेखक, वाचक, संपादक एकाच कॉफीच्या किटलीभोवती घुटमळतात.

दुसरी जात म्हणजे सह्यांचा बाजार. हे धंदेवाईक असतात, आणि मी ते वाईट अर्थाने म्हणत नाही. मोठा हॉल, रांगेने टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक नट किंवा नटी, पुढ्यात स्वतःच्या फोटोंची चळत. सहीचे पैसे वेगळे, सोबत फोटो काढायचे वेगळे. बड्या पाहुण्याला आयोजक हमी देतात, म्हणजे 'दोन दिवसांत सह्यांचे इतके डॉलर तुम्हाला सुटतीलच, कमी पडले तर फरक आम्ही भरू.' पाऊस पडला, लोक आले नाहीत, की तो फरक आयोजकाच्या मानगुटीवर. चार लोक बोलावून घर गहाण पडल्याच्या कहाण्या इथे कोपऱ्याकोपऱ्यात ऐकू येतात.

तरी मी दरवर्षी जातो. एकदा एका सत्तरीच्या गृहस्थांच्या टेबलाशी थांबलो होतो. ऐंशीच्या दशकात एका सिनेमात मुखवटा घालून खुनी झाले होते, तोंडी एक वाक्य नाही. बाईसाहेब शेजारी बसून सुट्टे पैसे डब्यात टाकत होत्या, डबा आपल्या पोळीच्या डब्यासारखाच. त्यांनी माझ्या नावाचं स्पेलिंग तीनदा विचारलं आणि तरी चुकीचं लिहिलं. तो फोटो माझ्या भिंतीवर आहे.

थोडक्यात, तुम्ही पहिल्या जातीचं करा. नट बोलावू नका.

हडळ_नं_1
नट नको? मग गर्दी कशाला येईल? धारप-मतकरींसारख्या जुन्या भयकथालेखकांवर परिसंवाद ठेवलात तर पन्नाशीपुढचे चाळीस लोक येतील आणि तेही दुपारी जेवून घरी जातील.

डोंबिवलीचा_डोमकावळा
@हडळ_नं_1, पन्नाशीपुढचा आहे, जेवून घरी जात नाही. जेवून तिथेच झोपतो.

परळची_आत्या
गर्दीचं म्हणाल तर ती आहे, फक्त तिला पत्ता माहीत नाही. तुंबाड 2018 ला आला तेव्हा आमच्या इथे शोला बारा डोकी होती, मी मोजली होती. तोच सिनेमा 2024 च्या सप्टेंबरात परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत होते, 'बघ बघ.' हे सांगणारेच तुमचे सभासद. आणि त्या सिनेमामागे धारपांच्या कथेचा धागा आहे हे यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही. परिसंवाद नको, पण तेवढं तरी सांगा.

मांडववाला_बंड्या
धंद्याने मांडव-साउंडवाला. एक टीप फुकट देतो, दुसरीचे पैसे घेईन.

हॉल पितृपक्षात घ्या. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, साखरपुडे नाहीत, हॉलवाले माश्या मारत बसलेले असतात. भाडं तुम्ही म्हणाल त्याच्या आसपास येतं. लग्नसराईत जो मॅनेजर फोन उचलत नाही तो पितृपक्षात स्वतः चहा पाजतो. आणि तुमच्या विषयाला याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?

भाडं ठरवताना मात्र हे विचारा : वीज मीटरप्रमाणे की धरून? सफाईचे वेगळे का? बाहेरचा केटरर चालतो का? डिपॉझिट किती दिवसांत परत? तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या.

कातरवेळ
बंड्याभाऊ, साष्टांग. पितृपक्ष डोक्यातच आला नव्हता!

साती_आसरा
मला हे पटलेलं नाही, स्पष्ट बोलते. मी मालवणची. आमच्या घरी त्या पंधरवड्यात पानं वाढतात, कावळ्याला हाका मारतात, आजी गेल्यापासून बाबा त्या दिवशी जेवताना बोलत नाहीत. त्याच दिवसांत कुणी चेहऱ्याला पांढरं फासून 'भॉक' करतंय, हे बघवणार नाही. भयकथा मला जीव की प्राण. पण गेलेल्या माणसांची आठवण आणि भूत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अ_श्रद्ध
मी तर उलट्या बाजूने विरोध करतो. आपल्या राज्यात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच वर्षी 20 ऑगस्टला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आला. एवढी किंमत मोजून मिळालेला कायदा, आणि आपण भुतांचे मेळे भरवायचे? उद्या कुणी बाबा तिथे टेबल लावून ताईत विकेल.

मुंजा_पिंपळपारावरचा
बाबाला स्टॉलचं भाडं दुप्पट लावा.

गिरगावकर
@अ_श्रद्ध, आदर ठेवून सांगतो, भयकथेचे पट्टीचे वाचक मी पाहिलेत त्यातले नव्वद टक्के तुमच्यासारखेच. ज्याला भुताची खरीच भीती वाटते तो रात्री अकराला धारप उघडून बसत नाही. भीतीची मजा घ्यायला आधी 'हे खोटं आहे' याची खात्री लागते. झोपाळ्याची दोरी पक्की आहे हे माहीत असेल तरच पोर उंच झोका घेतं.

साती_आसरा
मग मी उरलेल्या दहा टक्क्यांतली. मला थोडं खरं वाटतं आणि तरीही वाचते. दिवा लावून.

अ_श्रद्ध
@गिरगावकर, झोपाळ्याचा मुद्दा मान्य. अट एकच. 'खऱ्या अनुभवांचं कथन' हा प्रकार ठेवू नका. कुणाच्या मामाला आरे कॉलनीत पांढऱ्या साडीतली बाई दिसली वगैरे. कथा ही कथा म्हणून सांगा.

बोलकी_कवटी
माझ्या मामाला दिसली होती. बेस्टची वाट बघत होती बिचारी.

डोंबिवलीचा_डोमकावळा
अवांतर : भुतांच्या जाती नव्या पोरांना कुणी नीट सांगत नाही. सगळं एकाच 'घोस्ट'मध्ये कोंबतात. मुंजा म्हणजे मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो, पिंपळावर राहतो. समंध वेगळा, खवीस वेगळा, ब्रह्मराक्षस तर विद्वान. चकवा दिसत नाही, फक्त वाट चुकवतो. आसरा पाण्यातल्या. कोकणातला देवचार तर गावाची राखण करतो, त्याला भूत म्हटलं तर गावकरी मारतील. संमेलनात याचा एक मोठा तक्ता लावा. मी करून देतो. सुलेखन बरं आहे माझं.

साती_आसरा
देवचाराचं बरोबर लिहिलंत. त्याला विडी आणि रोट देतात आमच्याकडे.

हडळ_नं_1
आता एक गंभीर. मी कॉमिक्सच्या चाहत्यांच्या दोन मोठ्या संमेलनांत वेषभूषा करून गेलेय. हडळीचा मेकअप, उलटे पाय, सगळं हाताने केलेलं. उलटे पाय कसे ते सांगत नाही, माझं गुपित आहे. एके ठिकाणी दिवसभरात किमान पंधरा जणांनी न विचारता खांद्यावर हात टाकून फोटो काढले. एकाने केस ओढून पाहिले, खरे आहेत का म्हणून. आयोजकांकडे गेले तर टेबलावरचा मुलगा म्हणाला, "पण तुम्ही तर भूत झालायत ना?" नाव लिहीत नाही, उपयोग नाही.

न्यूयॉर्कच्या कॉमिक संमेलनात 2014 पासून दारातच मोठा फलक लावतात की वेष म्हणजे संमती नव्हे. तोच फलक मराठीत हवा. आणि नुसता फलक नको. गळ्यात वेगळ्या रंगाची पट्टी घातलेल्या दोन बायका दिवसभर फिरत्या हव्यात, ज्यांना थेट जाऊन सांगता येईल आणि ज्यांना माणूस बाहेर काढायचा अधिकार असेल.

कातरवेळ
हे पहिल्या पानावर जाणार. आणि त्या दोघींतली एक तू, जर वेळ असेल तर.

हडळ_नं_1
असेल. उलट्या पायांनी फिरेन.

न्यूजर्सीकर
वेषभूषेवरून आठवलं. 1972 च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात, लॉस एंजेलिसला, एक तरुण चित्रकार अंगभर शेंगदाण्याचं लोणी फासून मंचावर गेला. वरच्या तापत्या दिव्यांनी ते वितळायला लागलं, पडद्यांना लागलं, खुर्च्यांना लागलं, इतरांच्या महागड्या वेषांना लागलं. तेव्हापासून तिकडच्या स्पर्धांच्या नियमांत 'शेंगदाण्याचं लोणी चालणार नाही' असं लिहिलेलं असायचं. मराठीत 'खोटं रक्त अंगावर वाळलेलं असावं' असा एक नियम घाला.

परळची_आत्या
त्याच्यावर माझं ऐका. हौशी रंगभूमीवर वीस वर्षं रक्त केलंय. मध किंवा साखरेचा पाक, त्यात लाल खाद्यरंग, आणि चिमूटभर कोको, नाहीतर ते सरबत दिसतं. तोंडातून यायचं असेल तर हेच, पोटात गेलं तरी चिंता नाही. पण एकदा एका हॉलमध्ये आमच्या पोराने बाटली सांडली आणि पांढऱ्या फरशीच्या सांध्यांत रंग बसला. मी, माझी भाची आणि लाइटवाला, तिघं रात्री साडेबाराला टूथब्रश घेऊन उकिडवे बसलो होतो. लिंबू, सोडा, सगळं झालं. निघालं नाही. डिपॉझिटमधून कापले, आणि त्या हॉलमधल्या पुढच्या लग्नात वधूच्या मामीने 'हे काय' म्हणून विचारलंच.

मांडववाला_बंड्या
आत्या, खाली प्लास्टिक अंथरायचं. आम्हाला विचारायचं होतं.

अंधेरी_पूर्व
धुराच्या मशीनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या हापिसात हॅलोविनला एकाने भाड्याने आणलं होतं. बटण दाबलं, छान धुकं पसरलं, पाचव्या मिनिटाला छतावरचा धूरशोधक बोंबलला आणि नऊ मजले खाली उतरले. बॉस लॅपटॉप छातीशी धरून. त्यानंतर आमच्याकडे दिवाळीला कंदीलसुद्धा विचारून लावतात.

गिरगावकर
हसण्यावारी नेऊ नका मंडळी. तुमच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात 'भुताची खोली' असणारच. काळे पडदे, चिंचोळी वाट, अंधार. न्यूजर्सीच्याच एका करमणूक उद्यानात 11 मे 1984 ला भुताच्या वाड्याला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं गेली. अंधारात वाट सापडली नाही, आणि सुरुवातीला लोकांना वाटलं की धूर हा खेळाचाच भाग आहे. त्यानंतर तिकडे अशा जागांचे नियम कडक झाले. आपण कमला मिलची आग बघितली आहे, 2017 च्या डिसेंबरात चौदा जण गेले.

माझं मत, पहिल्या वर्षी भुताची खोली नकोच.

कातरवेळ
खरं सांगू? माझ्या डोक्यात होतीच. स्टेजमागच्या बोळात. काळं कापडही बघून आले होते.

मांडववाला_बंड्या
ते काळं कापड भुर्रकन पेटतं ताई. आणि स्टेजमागचा बोळ हीच बहुतेक हॉलची दुसरी वाट असते. ती मोकळीच ठेवायची. मी हे काम घेणारच नाही, पैसे दिले तरी.

कातरवेळ
बंद. विषय संपला. गिरगावकर, बंड्याभाऊ, आभार.

न्यूजर्सीकर
@गिरगावकर, ते उद्यान माझ्या घरापासून तासाभरावर आहे. माझा शेजारी त्या वर्षी शाळेत होता. आजही तिथे जात नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. सिनेमे दाखवणार असाल तर दारावर लिहा की लखलखणारे दिवे आहेत, मोठे आवाज आहेत. फिट येणाऱ्यांना आणि हृदयविकारवाल्यांना आधी कळायला हवं.

सीए_चष्मेवाला
सिनेमे दाखवणार असाल तर आधी माझ्याशी बोला. विकत घेतलेली डीव्हीडी घरात बघायची असते. हॉलमध्ये दोनशे लोकांना दाखवायची तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते आणि सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. ज्या विदेशी सिनेमाला ते नाही तो सार्वजनिकरीत्या दाखवता येत नाही, महोत्सवांना केंद्राकडून सूट घ्यावी लागते. 'ए' असेल तर अठराखालचे आत नकोत, म्हणजे दारात वय बघणारा माणूस आला.

कथावाचनालाही तेच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. नारायण धारप 2008 ला गेले, म्हणजे 2068 च्या अखेरपर्यंत. रत्नाकर मतकरी 2020 ला गेले, 2080 पर्यंत. वाजवी उतारा जाहीर वाचायला कायद्याने आडकाठी नाही, पण पैसे घेऊन अख्खी कथा सादर करायची तर घरच्यांना पत्र लिहा. बहुतेक वेळा लोकांना नुसतं विचारलेलं आवडतं.

पैसे : कुणाच्या खासगी यूपीआयवर वर्गणी घेऊ नका. दोन लाख जमले की भाऊ-भाऊ भांडतात. संस्था नोंदवायला वेळ जातो, म्हणून या वर्षी एखाद्या ओळखीच्या नोंदणीकृत वाचनालयाला सहआयोजक करा आणि त्यांच्या खात्यात पावतीने घ्या. हॉलच्या भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, अंदाजपत्रकात तो लोक हमखास विसरतात.

मुंजा_पिंपळपारावरचा
सगळ्यात भयानक प्रतिसाद हाच. रात्री झोप येणार नाही.

सीए_चष्मेवाला
येऊ नयेच.

अंधेरी_पूर्व
रात्रभर सिनेमे ठेवा ना पण, त्याशिवाय काय मजा.

डोंबिवलीचा_डोमकावळा
@अंधेरी_पूर्व, तुमची अंधेरी आहे म्हणून बोलता. शेवटची लोकल गेली की डोंबिवली-बदलापूरवाल्यांनी पहाटेपर्यंत फलाटावर भूत होऊन बसायचं का? सकाळी दहा ते संध्याकाळी सात ठेवा. दिवसाढवळ्या घाबरवून दाखवलंत तर खरे.

हडळ_नं_1
लहान मुलांचं काय? माझी भाची आठ वर्षांची आहे, मी नेलं नाही तर मला खाईल.

परळची_आत्या
मुलांना तासभर वेगळं द्या. मतकरींनी मुलांच्या नाटकात चेटकीण आणली ती कशी, पोरं किंचाळतात आणि लगेच खिदळतात. तशी एखादी चेटकीण उभी करू, मी होते. दात माझे आधीच तसे आहेत.

साती_आसरा
पितृपक्षावर माझं अजून तेच आहे. पण तारीख तीच ठरणार असेल तर निदान सर्वपित्री अमावस्या सोडा. मग मी येईन. शिरवाळे घेऊन येईन.

कातरवेळ
अडीच आठवड्यांनी परत येतेय. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, वहीत उतरवून घेतले.

तिघी जाऊन पाच हॉल बघितले. परळकडचा एक बरा मिळाला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, दोन जिने आहेत, दुसरा जिना मी स्वतः उतरून बघितला. मॅनेजर साठीचे गृहस्थ, कपाळाला गंध. कार्यक्रम कसला विचारलं. मी चाचरत म्हटलं, "गूढकथांचं संमेलन." मग आमच्या एका आगाऊ मैत्रिणीने फोनवर पोस्टरचा कच्चा नमुना दाखवला. त्यावर डोमकावळ्यांच्या अक्षरात ठळक 'मुंजा'. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, आमच्याकडे मुंजी होतात. मुंजा नको." आम्ही हसलो, ते हसले नाहीत. खरंच काळजीत होते. पुढच्या महिन्यात मुंज ठरवायला येणाऱ्यांनी तो फलक बघितला तर काय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं ते असं, की तक्ता आतल्या भिंतीवर लागेल, दारावर फक्त 'कथा संमेलन' लिहायचं, आणि संध्याकाळी सगळं काढून न्यायचं. भाडं बंड्याभाऊ म्हणाले तसंच खाली आलं. पावतीवर लिहूनही घेतलं.

एकच दिवस. पितृपक्षातला रविवार, सर्वपित्री सोडून. साती_आसरा, तुमच्यासाठी आणि तुमच्या बाबांसाठी. दोनशे नाही, एकशे वीस. वाचनालयाने खातं दिलं. वर्गणी 400, चहा-नाश्ता धरून, विद्यार्थ्यांना निम्मी. मी आणि सगळे कार्यकर्तेही भरणार. मानधन नाही, पाहुण्यांना येण्या-जाण्याचा खर्च आणि एक पुस्तक. शाल-श्रीफळ नाही. सिनेमा एकच, छोटा, दिग्दर्शक मुलगी आमच्यातलीच आहे, तिने लेखी परवानगी दिली. तरी प्रमाणपत्राचं चष्मेवाल्यांना विचारायचंय, नाही जमलं तर सिनेमा रद्द, त्या वेळात पटकथा वाचू.

न्यूजर्सीकर
व्वा! भयलेखकांच्या त्या संघटनेचा स्टोकर पुरस्कार म्हणून तिकडे झपाटलेल्या घराची छोटी प्रतिकृती देतात, पुढचं इवलंसं दार उघडलं की आत विजेत्याचं नाव. तुम्ही काही बक्षीस देताय का? घडवून पाठवू शकतो.

बोलकी_कवटी
चाळीची प्रतिकृती करा. दार उघडलं की आत काकू.

कातरवेळ
काकूंवरून : त्यांनी नाव नोंदवलंय! अर्जात 'सर्वांत जास्त भीती कशाची वाटते' असा गमतीचा रकाना ठेवला होता. लोकांनी विहीर, आरसा, जुना वाडा असं लिहिलंय. काकूंनी लिहिलंय, 'वरच्या मजल्याची.'

अ_श्रद्ध
माझीही वर्गणी पाठवली. ताईतवाला दिसला तर सांगा, मी दारातच असेन.

गिरगावकर
खुर्च्या कोण उचलणार ते अजून कुणी लिहिलेलं नाही. एकशे वीस खुर्च्या, हॉलच्या आहेत की बाहेरून? साडेसातला कार्यक्रम संपला की सगळे सेल्फी काढत जिन्याकडे जातात, हे वीस वर्षं बघतोय.

कातरवेळ
हॉलच्याच आहेत, पण रचून ठेवायच्या आपण. सहा जण हवेत. नावं द्या.

मुंजा_पिंपळपारावरचा
मी एक.

अंधेरी_पूर्व
दोन.

साती_आसरा
तीन. बाबांनाही आणते, चार धरा.

डोंबिवलीचा_डोमकावळा
पाच. पण रविवार आहे, मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असणारच. तक्ता सहा फुटांचा झालाय, गर्दीत चेपला तर ब्रह्मराक्षसाचं नाक जाईल. शनिवारी रात्रीच आणून ठेवतो. हॉलची चावी कुणाकडे असेल?